दहापैकी किती?

होस्टेलवर कुणी गाव विचारलं की मी म्हणायचो, "गोंडपिपरी." समोरचा हमखास हसायचा! मग सांगावं लागायचं : चंद्रपूर जिल्हा, बल्लारपूरच्या पुढे, एका अंगाला वर्धा नदी, दुसऱ्या अंगाला वैनगंगा, मध्ये धानाची शेती आणि जंगल. "वाघ दिसतात का रे?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. पण आमच्या भागात वाघापेक्षा जास्त घरांत शिरलेला एक पाहुणा आहे, त्याची चौकशी कुणी करत नाही. त्याचं नाव सिकलसेल.

माझ्या मावसबहिणीला तो जन्मापासून आहे. रोवण्याच्या दिवसांत थंड पाण्यात उभं राहणं झालं, ताप आला किंवा पाणी पिणं कमी झालं, की तिची हाडं धरतात. मांड्या, कंबर, छाती... "दादा, हाडात खिळे ठोकून राह्यलं कोणी," असं ती म्हणते.

आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर हा फक्त एका अक्षराचा घोटाळा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. ऑक्सिजन कमी झाला की हे रेणू एकमेकांना चिकटतात, गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिनीचा पाइप चोक होतो. हाडाच्या मज्जेला ऑक्सिजन मिळत नाही, आणि हाड ठणकायला लागतं.

शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या विळ्यासारख्या पेशींची नोंद १९१० मध्ये प्रसिद्ध केली. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दाखवलं. आणि हे दुखणं वारंवार येऊ नये म्हणून हायड्रॉक्सियुरिया या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९८ साली! तेही मुळात कॅन्सरचं औषध. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने जनुकात बदल करणारा उपचार मान्य केला, पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. कळ सुरू झाल्यावर मात्र आजही मुख्य आधार सलाईन, ऊब आणि पेनकिलर यांचाच.

इतकं कमी का? मला वाटतं, एक कारण मोजमापाचं आहे. ताप थर्मामीटरवर दिसतो, वेदनेला मीटर नाही. म्हणून पेशंटलाच विचारतात, दहापैकी किती? एकदा मी बहिणीसोबत दवाखान्यात होतो. ती म्हणाली, "सात." बाहेर आल्यावर मी विचारलं, खरंच सात? तर म्हणाली, "दहा म्हटलं असतं तर भरती केलं असतं. मग मायची रोवण्याची मजुरी बुडली असती ना."

मित्रांनो, तो सात केसपेपरवर गेला. उद्या एखादा संशोधक असेच आकडे गोळा करून औषधाचा ग्राफ काढेल. ग्राफ सुंदर येईल, पण त्यात माझ्या मावशीची मजुरी कुठेच दिसणार नाही. म्हणून वेदनेवर संशोधन करणाऱ्याला रसायनशास्त्र शिकवावंच, पण ठणक, कळ आणि चमक यांतला फरकही शिकवावा. रोवणा कधी असतो हेही शिकवावं.

हे अशक्य नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून 'आरोग्यदूत' केलं. त्यांनी घरोघरी केलेल्या नवजात बाळांच्या कामावरचा शोधनिबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आणि आमच्या चंद्रपुरातच हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी आयसीएमआरचं केंद्र आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचं लोकार्पण झालं. संशोधनाबरोबर या क्षेत्रातली माणसं घडवणं हाही त्याचा घोषित उद्देश आहे. जुलै २०२३ मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिचं लक्ष्य ७ कोटी लोकांची तपासणी. तपासणीत आजार सापडेल. पण सापडलेल्या माणसाची रात्र कशी जाते, हे शोधणारी माणसं आपल्याच भागातून यायला हवीत.

कॅम्पसच्या धामधुमीत हे कुणाला सांगितलं की उत्तर येतं, "अबे, हे तर डॉक्टरचं काम!" पण सेन्सर कोण बनवतो? सिग्नलमधून नॉइज कोण काढतो? आपणच ना? मग फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी करताना दरवर्षीच्या लाइन फॉलोअर रोबोटच्या खाली एक ओळ रिकामी ठेवा. विषय मी सुचवतो...

— तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन