स्वस्थ बसणें

मराठी भाषेंतील ‘स्वस्थ’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. ज्याची प्रकृति चांगली, तो स्वस्थ. आणि जो कांहींएक न करितां बसून राहतो, तोही स्वस्थच! या दोन अर्थांची गल्लत होऊन घरोघरच्या वृद्धांचें किती नुकसान होत असेल, हा विचार आमच्या मनांत अलीकडे वारंवार येतो. मनुष्य साठी ओलांडून गेला कीं, मुलें व सुना मोठ्या प्रेमानें सांगतात, “आतां पुष्कळ केलेंत, स्वस्थ बसा.” बाजाराची पिशवी हातांतून काढून घेतली जाते, दुधाचा हिशेब दुसरा कोणी ठेवूं लागतो, आणि खिडकीजवळची खुर्ची तेवढी त्यांच्या वांट्यास येते. या प्रेमांत खोट नाहीं; परंतु बसून बसून स्वास्थ्य मात्र जातें.

आमच्या शेजारीं पोस्टांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. पत्नीच्या निधनानंतर त्यांनीं घराबाहेर पडणें जवळजवळ सोडलें होतें. वर्तमानपत्र हातांत असे, पण पान उलटत नसे. जेवण तुटलें, झोंप उडाली, चालतांना तोल जाऊं लागला. अखेर तिघां समवयस्कांनीं एक युक्ति योजिली. “चला, तुम्हांला बरें वाटेल,” असें न म्हणतां त्यांनीं निरोप धाडला, “कॅरमला चौथा गडी मिळत नाहीं, आपण याल काय?” दयेचें बोलावणें मनुष्यास नकोसें वाटतें, गरजेचें बोलावणें त्याला मोडवत नाहीं. ते गेले. पुढें डावापूर्वीं बागेला दोन फेऱ्या घालण्याचा परिपाठ पडला. गतवर्षीं पावसाळ्यांत एका सायंकाळीं मात्र ते आले नाहींत. तिघे छत्र्या उघडून घरीं जाऊन पाहतात तों, हे तापानें फणफणून एकटेच पडलेले. मुलगा व सून कामावरून यावयाचीं होतीं. वेळींच डॉक्टरांकडे नेल्यामुळें ते बरे झाले. आपण न दिसल्यास चौकशी करणारें कोणी असणें, हा लाभ औषधांच्या कोणत्याच बाटलींत मिळत नाहीं.

शास्त्रज्ञांनींही या गोष्टीकडे लक्ष पुरविलें आहे. २००३ सालीं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकांत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कमधील पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ स्त्रीपुरुषांवर सुमारें पांच वर्षें लक्ष ठेविलें असतां, वाचन, पटावरील खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्यें स्मृतिभ्रंशाचें प्रमाण कमी आढळलें. अर्थात् खेळामुळेंच रोग टळला, असें यावरून सिद्ध होत नाहीं. ज्यांची स्मृति आधींच मंदावूं लागली, तेच कदाचित् खेळ सोडीत असतील. तथापि शरीराच्या हालचालीविषयीं कोणास शंका नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं असें सांगितलें कीं, ६५ वर्षांपुढील व्यक्तींनीं झेपेल त्या मानानें आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि किमान तीन दिवस तोल व स्नायूंचें बळ वाढविणारे व्यायाम करावे. उतारवयांत एकदां पडून मांडीचें हाड मोडलें, तर अंथरूण सुटणें किती कठीण, हें बहुतेक कुटुंबांस ठाऊक आहे.

यासाठीं द्रव्यही फारसें लागत नाहीं. १३ मार्च १९९५ रोजीं मुंबईंत लोखंडवाला भागांतील एका बागेंत डॉ. मदन कटारिया यांनीं अवघ्या पांच जणांस घेऊन हास्यमंडळ सुरू केलें. कांहीं दिवसांतच विनोद संपले. तेव्हां विनोदावांचूनच हंसण्याची रीत त्यांनीं काढली, आणि ती देशोदेशीं पसरली. गांवचें भजनी मंडळ, वाचनालयाचा बांक, देवळाचा पार, उपासनेनंतर चर्चच्या आवारांत जमणारी मंडळी, हीं त्याच जातीचीं ठिकाणें होत.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आजोबांना विरंगुळा नसतो, तर आजींना फुरसतच नसते! नातवंडें, स्वयंपाक आणि आलेगेले यांतून त्यांची सुटका सत्तरीनंतरही होत नाहीं. त्यांना भजनास जाण्याची मोकळीक द्यावयाची, तर त्या वेळेची भाजी दुसऱ्या कोणी तरी निवडली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, मातापित्यांस मान द्यावा, ही आज्ञा तुम्हीं प्रार्थनेच्या वेळीं ऐकिली आहे. मान म्हणजे केवळ खुर्ची रिकामी करून देणें नव्हे. आजोबांना डावांत घ्या, आणि ते चुकले तर हंसूं नका. आजींच्या हातची भाजी तासभर आपल्या हातीं घ्या. वृद्धांनीं स्वस्थ असावें, ही इच्छा आपणां सर्वांचीच आहे. त्यासाठीं त्यांना स्वस्थ बसूं देऊं नये, एवढेंच आमचें सांगणें.