दाब… धर

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी, ब्रेक ऑइलच्या नव्या डब्याचं झाकण फिरवलं आणि त्या वासानं हात जागीच थांबला. किंचित गोडसर, किंचित माशाळ वास. जॅक लावलेला, मागचं डावं चाक काढलेलं, निपलवर पाना बसवलेला, नळी बाटलीत सोडलेली. ब्रेक दाबायला पुतणीला सीटवर बसवलं होतं. चाकाजवळून काय ओरडायचं ते मला पाठ होतं, पण घशातून शब्द निघेना. ते शब्द मिस्त्रींचे. आणि मिस्त्री या उन्हाळ्यात गेले.

१९९९ साली मी सहावीत होतो. बाबांनी १९९६ ची झेन सेकंडहँड घेतलेली. मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे चार टिनं आणि एक कडुलिंब. पहिल्याच सर्व्हिसिंगला त्यांनी मला आत बसवलं. पाय पोचावा म्हणून सीट पार पुढं ओढली, पाठीशी उशी दिली. "मी म्हनलो का दाबाचं, म्हनलो का धराचं. सांगतल्याबिगर सोडाचं नाई." मग चाकाखालून आवाज आला, "दाब… दाब… दाब… धर!" धरलं की ते निपल पाव फेरा सैल करत. पायाखालचं पेडल जिवंत असल्यासारखं हळूहळू तळाशी जाई आणि नळीतून कोऱ्या चहाच्या रंगाचं तेल बुडबुड्यांसकट बाटलीत उतरे. निपल आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा उलटी आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून.

त्या झेनला ९९३ सीसीचं पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन होतं. ताकद ५० हॉर्सपॉवर. आज हा आकडा ऐकून कुणी मान वर करणार नाही. पण गाडी साडेसातशे किलोच्या आसपास, आणि इंजिनाला वर वर फिरायची हौस. नोकरी लागल्यावर मी तिच्या मागे लागलो. कडक स्प्रिंगा, नवे शॉकअप, १४५ ऐवजी १६५ चे टायर. मिस्त्रींनी हेड उतरवून व्हॉल्व्ह हातानं घासले. काडीला लावलेली रबरी वाटी तळव्यांत फिरवत, रवी घुसळावी तशी, एकेका व्हॉल्व्हला तास दीड तास. मित्र म्हणत होते, एस्टीमचं तेराशेचं इंजिन बसव. मिस्त्रींनी नाही म्हटलं. पुढं मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाचलं, २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही वाचला, तेव्हा कळलं की कंपनीनं बनवलेल्या गाडीत वाटेल तो बदल आपल्याला करता येत नाही. मिस्त्रींचं कारण मात्र साधं होतं. पुढचं वजन वाढलं की वळणावर गाडी नाक घुसवते.

एका गोष्टीवरून मात्र आमचं भांडण झालं. पुण्याहून मी उघडा एअर फिल्टर आणला होता, शंकूसारखा, चकचकीत. मिस्त्रींनी तो हातातही घेतला नाही. त्यांनी माझ्या गाडीचा जुना कागदी फिल्टर काढला आणि पांढऱ्या वर्तमानपत्रावर आपटला. कागद काळा झाला. महिनाभरापूर्वी टाकलेला फिल्टर होता तो. आमच्या वणीत उकणी, निलजईच्या खाणींतल्या कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात, राजूरला चुन्याच्या भट्ट्या. वणीची हवा जाळीतून तशीच इंजिनात घेतली तर रिंगा किती दिवस टिकतील? धूळ म्हणजे पॉलिश पेपरच. उघडा फिल्टर आणि बोंबलणारा सायलेन्सर लावून मेन रोडवर फिरणाऱ्या पोरांचा मला आजही मनापासून राग येतो. आवाज विकत आणलेला असतो, इंजिन आतून झिजत असतं.

झेन एकदा ट्रॅकवर पळवायची मला हौस होती. आपल्या देशात मोटारींच्या शर्यती वाढल्या त्या विमानांच्या धावपट्ट्यांवर. मद्रासजवळचं शोलावरम ही दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमचा करी मोटर स्पीडवे, तोही धावपट्टीच्या जागेवर. फॉर्म्युला मारुती गाडी घडवणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलं आहे; १९९५ साली ते छोट्या विमानाच्या अपघातात गेले. २.१ किलोमीटरचा तो ट्रॅक २००३ साली सुरू झाला.

२०१४ च्या हिवाळ्यात मी झेन घेऊन तिथं गेलो. निघण्याआधी मिस्त्री म्हणाले होते, "ब्रेकचं तेल बदलवून घे, मंग जा कुठं जाचं तं." वेळ नव्हता. नवे पॅड टाकले आणि निघालो. पाचव्या फेरीत वळणाआधी पाय दाबला आणि पेडल तळाला टेकलं. मऊ, ओल्या कापसात पाय जावा तसं. पाय आपोआप पंप मारू लागला, कानात "दाब… दाब… दाब…", हातानं गिअर खाली ओढला आणि गाडी गवतात जाऊन थांबली. चूक माझीच होती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पीत राहतं. नवं डॉट-४ तेल २३० अंशांच्या आत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. तापलेल्या डिस्कजवळ तेल उकळतं, वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते.

परत आल्यावर मिस्त्रींना सांगितलं. ते रागावले नाहीत. बाटली घेऊन चाकापाशी बसले, मी सीटवर.

त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, बंद केला होता. मिस्त्रींना पटाचं वेड. जोडी जिंकली की लोक गुलाल उधळत, हे मात्र खाली बसून बैलाचा खूर हातात धरून बघत, मग खांदा चाचपत. १८ मे २०२३ ला घटनापीठानं पटाला परवानगी देणारा राज्याचा कायदा मान्य केला, त्या दिवशी त्यांनी गॅरेजात पेढे वाटले. आमच्याकडे बैल नव्हते. म्हणून बाबा गाडीची सर्व्हिसिंग खांदेमळणीलाच काढत. गल्लीत बैलांच्या खांद्यांना हळद, लोणी लागत असे आणि आमच्या दारात मिस्त्री ग्रीसचा डबा उघडून बसत.

"काका, दाबू का?" पुतणीनं विचारलं.

मी खाली वाकलो. "दाब… दाब… दाब… धर. सांगितल्याशिवाय सोडायचं नाही."

तिनं सोडलं नाही. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा निघाली, नळीतून शेवटी स्वच्छ फिकट पिवळं तेल आलं.

तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, आठवून बघा. दोन वर्षं झाली असतील तर याच आठवड्यात बदलून घ्या.