महाराजवाड्यातला मुक्काम

उज्जैन,
आश्विन वद्य पंचमी (इथल्या लोकांचा कार्तिक कधीच लागला)

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. नातवाने महाराजवाड्यात खोली घेतली म्हणतेस आणि वर मलाच विचारतेस, तिथे रात्री राहिलेलं चालतं ना रे? आजीचं सांगणं अजून तुझ्या डोक्यातून गेलं नाही तर! उज्जैनचा राजा एकच, महाकाल. दुसऱ्याने इथे रात्र काढली की गादी गेली. अगं, पोरगा कुठला राजा? कंपनीतून चार दिवसांची रजा काढून येतोय. आणि डिसेंबर २०२३ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव इथल्या आपल्या घरी राहिलेच की रात्री. आपण महाकालाचे लेक आहोत, म्हणाले.

वाडा मात्र तुला ओळखू येणार नाही. मी तिथे शाळेत होतो तेव्हा भिंतींचे पोपडे पडायचे आणि आम्ही ते नखांनी आणखी सोलायचो. आत चुन्याचा पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा पांढरा. दहाच्या भोगआरतीचा नगारा सुरू झाला की गुरुजी फळ्याकडे तोंड करून गप्प उभे राहायचे, कारण बोलून ऐकूच जायचं नाही. आता पर्यटन महामंडळाने त्याचं हॉटेल केलंय. नाव दिलंय सम्राट विक्रमादित्याचं. घर शिंद्यांचं आणि पाटी विक्रमाची; जाऊ दे, आपल्याला कोण विचारतं?

पण तुझ्या प्रश्नावरून एक गोष्ट मनात आली. शिंदे तरी इथे कितीसे राहिले? कण्हेरखेडहून निघालेल्या राणोजींनी उज्जैनला ठाणं केलं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर. महाकालाचं आजचं देऊळ त्यांनी उभं केलं. धन्याचं घर व्हायचं तेव्हा होईल, आधी देवाचं! राणोजी गेले १७४५ मध्ये, शुजालपूरला. त्यांच्या मुला-नातवांपैकी जयाप्पांना नागोरजवळ दगा झाला. दत्ताजी बुराडी घाटावर पडले, जनकोजी पानिपतानंतर मारले गेले. महादजी पानिपतावरून लंगडत परतले, दिल्लीच्या बादशहाला हाताशी धरून राहिले आणि १७९४ मध्ये डोळे मिटले ते पुण्याच्या वानवडीला. तुझ्या घरापासून त्यांची छत्री किती लांब, रिक्षाने दहा मिनिटं? एकालाही उज्जैनला मरण आलं नाही. राजधानी म्हणायची उज्जैन, आणि सगळा संसार तंबूत. आजीची गोष्ट मला म्हणून खरी वाटते. फक्त कारण महाकालाचा कोप नाही, घोड्यावरचं खोगीर.

पुढे १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी शहर घेतलं, तेव्हाही महादजींचे वारस दौलतराव गावात नव्हते. १८१० मध्ये त्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला तो कायमचाच. त्या तळाचंच शहर झालं आणि नावही पडलं लष्कर! ज्यांच्या गावाचं नावच छावणी, त्यांना वाड्याची ओढ किती असणार?

राहिली ती बायजाबाई. दौलतरावांची ही राणी कागलच्या घाटग्यांची लेक. बाजारातलं गोपाळ मंदिर तिचं. मला विचारशील तर शिंद्यांची खरी खूण उज्जैनात तेवढीच नांदती राहिली. वाड्यात आधी पोरं भरली, आता पाहुणे.

तेव्हा नातवाला पाठव निश्चिंत. वैकुंठ चतुर्दशीला येतोय ना? मग त्याला सांग, भाडं भरलंय म्हणून खोलीत झोपून राहू नकोस. त्या रात्री महाकालाची पालखी निघते, सलामी घेऊन, राजासारखी. गुदरी चौकातून थेट गोपाळ मंदिरात. तिथे हराने हरीला बेलाची माळ घालायची, हरीने हराला तुळशीची. चार महिने सांभाळलेला कारभार महाकाल त्या रात्री विष्णूच्या हवाली करतो. म्हणजे इथला खरा राजाही त्या रात्री घरी नसतो!

मी रात्री अकराला गोपाळ मंदिराच्या पायऱ्यांवर असेन. गर्दीत चुकामूक होते, म्हणून डाव्या हाताला थांबायला सांग. स्वेटर आठवणीने दे, इथे आत्ताच पहाटे गारठा पडतोय. आणि जमलं तर चितळ्यांची बाकरवडी, अर्धा किलो.

तुझा,
धाकटा