कोरी जागा आणि राहिलेली जागा

साहित्य शिकणाऱ्या मुलीने रस्ट नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर लिहावं, हे आपल्या अंकात जरा विचित्रच दिसेल. पण सुरतेत सुट्टीत मी आणि दादाने मिळून जे काम केलं, त्यातून मला कोऱ्या जागेबद्दल काहीतरी कळलं. ते वाचणाऱ्यांच्याच उपयोगाचं आहे.

आमच्या चर्चच्या युवक मंडळाने बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या टाइप करून जेसन फाइलमध्ये साठवल्या होत्या. मुलाचं नाव, तारीख, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता. त्या वाचून दाखले छापणारा प्रोग्रॅम आम्हाला लिहायचा होता. मेमरीतली रचना सपाट करून फाइलमध्ये ठेवणं म्हणजे सिरिअलायझेशन. सपाट मजकुरातून ती रचना पुन्हा उभी करणं म्हणजे डिसिरिअलायझेशन. रस्टमध्ये हे काम सर्डी नावाची लायब्ररी करते. साध्या रचनेवर 'डिराइव्ह'ची एक ओळ लिहिली की झालं.

अडलं ते वडिलांच्या नावापाशी. काही नोंदींत ते फादरांनीच लिहिलेलं नव्हतं. तिथे टाइप करणाऱ्यांनी 'नल' टाकलं होतं. काही नोंदींत वहीत नाव होतं, पण टाइप करताना ती ओळच गळली होती. सर्डीच्या तयार 'ऑप्शन'ला हा फरक दिसत नाही. नल असो की ओळच नसो, उत्तर एकच : 'नन'.

"मग काय बिघडलं? नाव नाही ते नाहीच ना," दादा म्हणाला.

मी म्हटलं, "अरे दादा, 'नन' दिसलं की मंडळातलं कुणीतरी त्या घरी फोन करणार. 'काकू, तुमच्या वडिलांचं नाव राहिलंय, सांगता का?' ज्या बाईला वडिलांचं नाव कधी मिळालंच नाही, तिने साठाव्या वर्षी काय सांगायचं?"

दादा गप्प बसला. मग म्हणाला, "चल, आपला टाइप आपणच लिहू."

आम्ही तीन शक्यतांचा एक 'इनम' केला. २०२१ पासून रस्टमध्ये देवनागरीतही नावं देता येतात, म्हणून आमच्या शक्यता अशा : नाव, कोरं, राहिलं. फाइलमध्ये ओळच नसेल तर डिफॉल्ट 'राहिलं'. ओळ असेल तर आम्ही हाताने लिहिलेला 'व्हिजिटर' ठरवणार. फाइल वाचणारा भाग त्याला फक्त काय सापडलं ते कळवतो. अक्षरं सापडली तर 'नाव', नल सापडलं तर 'कोरं', आकडा सापडला तर एरर. मजकूर स्वतः काहीच सांगत नाही. अर्थ वाचणाऱ्याने आधीच ठरवून ठेवावा लागतो.

हे लिहिताना मला फादर स्टीफन्स आठवले. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण अक्षरं रोमन, कारण तिथे मराठीचे टाइप नव्हते. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी ते देवनागरीत आणलं. नुसती अक्षरं बदलून ते काम होत नाही. रोमन अक्षरांखाली मराठीचा कुठला उच्चार आहे, हे ज्याला भाषा येते त्यालाच कळतं. आमच्या कोऱ्या जागेचंही तसंच. वही ज्याला कळते, त्यालाच ती कळते.

ती जागा कोरी सोडणाऱ्या फादरांच्या मनात काय होतं, हे आज कुणाला विचारता येणार नाही. मला ती माया वाटते. खोटं नाव लिहिलं नाही, 'अज्ञात' असा शिक्काही मारला नाही. मूल मात्र वहीत आलं, इतरांच्याच रांगेत, त्याच शाईने.

रस्टमध्ये 'मॅच' लिहिताना प्रत्येक शक्यतेचं काय करायचं ते सांगावंच लागतं, नाहीतर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. आम्ही सांगितलं : 'नाव' असेल तर छाप. 'राहिलं' असेल तर वही उघडून बघ. 'कोरं' असेल तर दाखल्यावरून ती ओळच काढ, आणि कुणाला फोन करू नकोस. उद्या आमच्या जागी दुसरं कुणी हा प्रोग्रॅम बदलायला बसलं आणि त्याने 'कोरं' गाळलं, तर कंपाइलर त्याला तिथेच अडवेल.