आरसा नेमका कुठे गारठतो

आपल्याकडे गाडीच्या बाहेरच्या आरशाला फार काळ कुणी मनावर घेतलं नाही. कित्येक गाड्यांना डावीकडचा आरसा कारखान्यातून येतच नसे, आणि स्कूटरचे आरसे मागचं बघण्यापेक्षा भांग पाडायला जास्त उपयोगी पडत. पावसाळ्यात काचेवर तंबाखू नाहीतर कापलेला बटाटा चोळला की घाट उतरण्यापुरतं दिसायचं. या सवयीत वाढलेला माणूस नोकरीसाठी मिनेसोटात जातो, दहा-बारा वर्षांची जुनी गाडी घेतो, आणि जानेवारीतल्या एखाद्या पहाटे त्याला कळतं की आरसाही विजेवर चालतो आणि बिघडतोही. उणे पंधराला बटाटा चोळला तर बटाटाच गोठेल. म्हणून तिथे काचेमागे तापणारी पट्टी असते. माझं म्हणणं एवढंच, की ही पट्टी गार पडली तर संशय आधी तिच्यावर घेऊ नये, तिच्यापर्यंत पोचणाऱ्या सांध्यांवर घ्यावा. ते न तपासता अख्खा आरसा बदलणं म्हणजे नळाला पाणी येत नाही म्हणून तोटी बदलणं.

पट्टी तशी गरीब वस्तू आहे. प्लास्टिकच्या पापुद्र्यावर छापलेली एक नागमोडी वाट, तिच्या टोकांना दोन चपटे पाय, आणि काचेला धरून ठेवणारा गोंद. बॅटरीचे 12 व्होल्ट त्या वाटेनं गेले की ती तापते. विजेतून किती उष्णता निघते याचा जूल या शास्त्रज्ञानं 1841 मध्ये मांडलेला हिशेब इथे जसाच्या तसा लागू पडतो. पट्टी वीस वॅटची धरू. पसरलेल्या पंजाएवढ्या, म्हणजे सुमारे 200 चौरस सेंटीमीटर काचेवर अर्धा मिलिमीटर बर्फ चढला तर त्याचं वजन भरतं नऊ-दहा ग्रॅम. तो वितळवायला तीन हजार जूल, आणि काच नि बर्फ उणे पंधरावरून शून्यावर आणायला आणखी दीडेक हजार. कागदावर चार मिनिटांचं काम. वारा जी ऊब पळवेल ती धरून थोडं जास्त. बऱ्याच गाड्यांत मागच्या काचेचं आणि आरशांचं बटण एकच असतं आणि ते दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होतं, ते या हिशेबात बसतं. पट्टीत हलणारं काही नाही, घासणारंही काही नाही.

हलतं ते दार. फ्यूज आणि रिलेतून निघालेली वीज दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून दारात शिरते. दार उघडलं की नळीतल्या तारा वाकतात, मिटलं की उलट्या वाकतात. दिवसाला आठ वेळा धरलं तरी बारा वर्षांत पस्तीस हजार वेळा. वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतली तांब्याची केसं एकेक करून तुटतात. मागची काचही गार असेल तर दोष फ्यूज, रिले किंवा बटणात. पण फक्त चालकाकडचा आरसा गार आणि पलीकडचा ऊबदार असेल, तर विचार करा: दोन्ही पट्ट्यांचं वय एकच, दोघींनी सोसलेली थंडीही एकच, जास्त वेळा उघडलं ते चालकाचं दार. दुसरी संशयाची जागा म्हणजे पट्टीचे ते चपटे पाय. तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात. त्याचं पाणी उडून आत जातं आणि जोडावर हिरवा कळंक चढतो, तांब्या-पितळेच्या भांड्यांवर चढतो तसाच.

इथे मीटर हमखास फसवतो. आरशाच्या तारांना लावला की बारा व्होल्ट दाखवतो आणि आपण म्हणतो, वीज तर आहे, म्हणजे पट्टीच मेली. पण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. शेवटचं एक केस शिल्लक असलं तरी त्याला पुरतं. त्याच दोन टोकांना इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावून बघावं. तो जवळपास पट्टीएवढंच ओढतो. लख्ख पेटला तर तार चांगली. अंगणातल्या पणतीसारखा मिणमिणला तर दोष मागे कुठेतरी आहे.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, फडकं मारा की. घरासमोर उभ्या गाडीला ते ठीक आहे. शंभरच्या वेगानं जाताना पुढच्या ट्रकनं उडवलेला चिखलबर्फ आरशावर बसतो, तेव्हा फडक्याचा हात बाहेर कोण काढणार? दुसरा आक्षेप मजुरीचा, आणि तो खरा आहे. तासाचे पैसे घेणाऱ्या गॅरेजला तार शोधत बसणं परवडत नाही, आरसा बदलून मोकळं होणं परवडतं. फक्त दोष दारातल्या तारेत असेल तर नवा आरसाही गारच राहतो, आणि बिल मात्र नव्याचं येतं. पट्टी खरोखर तुटलेली असते, हेही होतंच. तारा सुट्या करून तिच्या पायांमधला रोध मोजला आणि मीटरनं काहीच दाखवलं नाही, तर ती गेली. तेव्हाही साधारणपणे पट्टीसकट काच तेवढी मिळते, पूर्ण आरसा लागत नाही. फक्त बाजू बघून घ्यावी: अमेरिकेत चालकाकडची काच सपाट असते, तर पलीकडची बहुतेक वेळा फुगीर आणि इशारा छापलेली. नव्या गाड्यांत मात्र आरशाला हुकूम दारातला संगणक देतो, तिथे माझा बल्बवाला युक्तिवाद लंगडा पडतो. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी 2012 मध्ये दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही मिळावी असा कायदा मंजूर केला, तो याच अडचणीपोटी. पण 2024 मध्ये अमेरिकेतल्या गाड्यांचं सरासरी वय साडेबारा वर्षांच्या वर होतं. बल्बला अजून बरीच वर्षं काम आहे.

तुटलेल्या तारेला डाग देताना एक पथ्य पाळावं. कथलानं जोडलेली तार कडक होते आणि त्या कडक भागाच्या शेजारीच पुन्हा तुटते. म्हणून जोड रबरी नळीत येऊ देऊ नये, नवा तुकडा घालून तो दाराच्या आत, न वाकणाऱ्या जागी घ्यावा. काच काढायची असेल तर आधी कोमट करून घ्यावी, कारण थंडीत मागचे प्लास्टिकचे आकडे बिस्किटासारखे मोडतात. एवढं झालं की बटण दाबून बघत राहावं. बर्फ एकदम जात नाही. आधी नागमोडी वाटेच्या ओळी उमटतात, मग त्या एकमेकींत मिसळतात, आणि शेवटी काठाला बर्फाची एक बारीक चौकट उरते, कारण पट्टी तिथवर गेलेलीच नसते.