इस्त्रीखालचं सर्किट

घरी पीसीबी करतो म्हटलं की लोक आधी विचारतात, ‘त्या केमिकलची भीती नाही वाटत?’ फेरिक क्लोराईड जपूनच वापरावं लागतं, पण टोनरने न झाकलेलं तांबं खाण्याचं आपलं काम ते चोख करतं. खरी परीक्षा त्याआधी, इस्त्रीखाली असते.

लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची काळी भुकटी. प्रिंटरने ती एकदा वितळवून कागदावर बसवलेली असते, आपण पुन्हा वितळवून तांब्यावर उतरवायची. इंकजेटची प्रिंट इथे चालत नाही. कागद मासिकाचा, गुळगुळीत असला की पाण्यात लवकर सुटतो. प्रिंटवरची अक्षरं उलटी दिसली पाहिजेत, तरच ती तांब्यावर सुलटी उतरतात.

इस्त्रीपेक्षा माझा जास्त वेळ त्याआधी तांब्याचा बोर्ड घासण्यात जातो. बोर्ड नळाखाली धरायचा. पाण्याचे थेंब गोळा होऊन घरंगळले तर तेलकटपणा अजून आहे. पाणी सलग पसरून राहिलं की झालं. मग मात्र बोट फक्त कडेलाच लावायचं.

इस्त्री कडक तापलेली हवी, वाफ बंद. आधी न हलवता दाबून धरायची, मग टोकाने कडा आणि कोपरे. ट्रॅक कागदाच्या पाठीवर पुसटसे उमटू लागले की थांबायचं. जोर कमी पडला तर टोनर कागदाबरोबर निघून येतो, जास्त झाला तर पसरून शेजारच्या ट्रॅकला भिडतो.

भिजलेला कागद अंगठ्याने चोळून काढताना सगळं साफ झाल्यासारखं वाटतं. बोर्ड वाळला की आयसीच्या दोन पॅडांमधला पांढुरका तंतू दिसतो. तो राहिला तर तिथलं तांबं खाल्लं जात नाही आणि दोन पिना जोडलेल्याच राहतात. जुना टूथब्रश इथे कामी येतो.

तांब्याचा थर सहसा ३५ मायक्रॉनचा. फेरिक क्लोराईडच्या कोमट द्रावणात, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये बोर्ड हलवत राहिलं की तो लवकर उतरतो. उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. त्यात तांबं असतं.

हल्ली बाहेरून बोर्ड स्वस्तात करून मिळतात, बारीक पिनांचे मीही तिकडूनच मागवतो. पण साध्या पॉवर सप्लायसाठी आठवडाभर कोण थांबणार? शिवाय इस्त्रीच्या धाकाने माझं ड्रॉइंग सुधारलं. ट्रॅक जाड, पॅड ऐसपैस, गर्दी झालीच तर सरळ एक जंपर.

भोकं पाडेपर्यंत टोनर मी पुसत नाही. त्याखालचं तांबं काळं पडत नाही. सोल्डरिंगला बसायच्या आधी थिनरचा बोळा फिरवला की पुरे.