एकही नोंद आढळली नाही

ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या अभ्यासक्रमाला मी प्रवेश घेतला तो पुस्तकांच्या सहवासासाठी, संगणकाच्या नव्हे. पहिल्या सत्रात रंगनाथनांची १९३१ची पंचसूत्री आणि वर्गीकरणाच्या पद्धती शिकताना आपण योग्य जागी आलो आहोत असे वाटत होते. दुसऱ्या सत्रात एचटीएमएल, विदागार आणि विदागाराला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा समोर आली आणि हा विश्वास डळमळला. स्वतः लिहिलेले पहिले पान न्याहाळकात उमटले तेव्हा आनंद झाला हे खरे, पण तो परक्या घरी झालेल्या पाहुणचारासारखा होता. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक होते आणि १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, असे आमचे प्राध्यापक धीर देण्यासाठी सांगत. मला मात्र हे दोन प्रांत वेगळेच वाटत राहिले.

प्रात्यक्षिक अनुभवासाठी मी तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयात दोन महिने काम केले. तिथे लाकडी खणांत, सळईत ओवलेली तालिकापत्रे होती. त्यांतली बरीचशी ग्रंथपाल बाईंच्या हातची. शिवाय पूर्वी कोणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टंकून ठेवलेली पुस्तकांची एक यादी होती. परिवर्तकाच्या मदतीने मी ती युनिकोडमध्ये आणली, विदागारात भरली आणि शोधाचे एक पान तयार केले. चौकटीत शब्द लिहावा, कळ दाबावी, पुस्तक समोर यावे. देवघेवीच्या टेबलाशेजारी संगणक मांडला तेव्हा मी त्या खणांकडे जरा दयेनेच पाहिले होते, हे आज कबूल करायला हवे.

चौथ्या की पाचव्या दिवशी एक वृद्ध गृहस्थ आले. नातीच्या शाळेच्या संमेलनासाठी त्यांना 'वाऱ्यावरची वरात' हवे होते. मी नाव टंकले. पडद्यावर उत्तर आले: एकही नोंद आढळली नाही. "आपल्याकडे नाही आजोबा," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली, काठी उचलली आणि जिन्याकडे वळले. बाई नियतकालिकांच्या टेबलापाशी होत्या. "अहो, थांबा जरा," म्हणत त्या आत गेल्या आणि पुस्तक घेऊन आल्या. मला त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या रात्री मी यादी उघडून बसले. नोंद होती. शीर्षक डोळ्यांना तेच दिसत होते. शुद्धलेखनही अचूक होते. दोष डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत नव्हताच. मराठीतला तो 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, हलन्तचिन्ह आणि 'य'. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्तचिन्ह, त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग 'य'. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. परिवर्तकाने एक प्रकार निवडला होता, माझ्या कळफलकाने दुसरा. माझे पान अक्षरे जशीच्या तशी जुळवून पाहत होते, आणि त्याच्या लेखी हे दोन निराळे शब्द होते. मग 'दऱ्या', 'किनाऱ्यावर', 'सुऱ्या' असे एकेक शब्द शोधत गेले. जी पुस्तके कपाटात धडधाकट उभी होती ती माझ्या पानावर बेपत्ता होती. अकारविल्हे यादीतही 'काळ' 'कावळा'च्या आधी येत होता, कारण युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये बसला आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो.

दुसऱ्या दिवशी सहज म्हणून खण ओढला तर एक पत्र हाती आले: 'खानोलकर, चिं. त्र्यं. आणखी पाहा: आरती प्रभू'. कादंबरीकार खानोलकरांना शोधणाऱ्याला कवी आरती प्रभू सापडावेत म्हणून कोणीतरी ही चार शब्दांची वाट आखून ठेवली होती. वाचक एकाच दाराने येत नाही, हे त्या पत्राला ठाऊक होते. माझ्या पानाला ठाऊक नव्हते, कारण ते लिहिताना मलाच त्याचा विसर पडला होता. परीक्षेत मी 'पाहा' नोंदींवर पूर्ण गुण मिळवले होते. संगणकापुढे बसल्यावर मात्र त्या दुसऱ्या विषयाच्या वाटल्या.

दुरुस्ती अवघड नव्हती. शोधशब्द आणि शीर्षक दोन्ही आधी एकाच रूपात आणावेत आणि मग ताडून पाहावेत, एवढा नियम लिहायचा होता. हा नियम म्हणजे एक 'पाहा' पत्रच आहे, फक्त ते खणात नसून प्रणालीत आहे, हे लिहिता लिहिताच ध्यानात आले. तेव्हापासून वेब तंत्रज्ञान मला परके वाटलेले नाही. ते माझ्याच व्यवसायाचे काम आहे, आणि ते ग्रंथपालाने केले नाही तर जो करील त्याला 'ऱ्या'ची अडचण ठाऊक असेलच असे नाही.

बाईंना दुरुस्त केलेले पान दाखवले. त्यांनी स्वतः टंकून पाहिले, हसल्या आणि म्हणाल्या, "छान झालं गं. पण खण काढू नकोस हं इतक्यात."

एक गोष्ट मात्र अजून सलते. ते आजोबा जिन्याकडे वळलेले बाईंना दिसले, म्हणून पुस्तक त्यांच्या हाती पडले. महाजालावर शोधणारा वाचक आपल्याला दिसत नाही. त्याला 'एकही नोंद आढळली नाही' असे उत्तर मिळते, तो ते खरे मानतो आणि जिना उतरून जातो. त्याला थांबवायला तिथे कोणी उभे नसते. जे थांबवणे शक्य आहे ते आधीच, नोंद लिहिताना आणि नियम बांधताना करावे लागते. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हे रंगनाथनांचे दुसरे सूत्र मी पहिल्या सत्रात पाठ केले होते. त्यातला वाचक न दिसणाराही असू शकतो, हे मला त्या जिन्याने शिकवले.